बोर्ड तर होता!

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला ऑफिसमधून निसटायचं, सॅक सकाळीच डिकीत टाकलेली, ग्रुपमधल्या कुणाची तरी गाडी आणि थेट कोकण! हा प्लॅन तुम्हीही कधी ना कधी केला असेलच. आम्हीही केला. आम्ही चौघं, गाडी माझ्या मैत्रिणीची आणि स्टिअरिंगवरही तीच. तिचं खरं नाव छापलं तर ती मला घरात घेणार नाही, म्हणून इथे तिला रेवा म्हणू या.

पुण्याबाहेर पडेपर्यंत ट्रॅफिकने दोन तास खाल्ले. मग वडापाव, मग चहा, मग परत चहा. घाट लागला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. रेवा तशी सांभाळून चालवते, स्पीड पन्नासच्या आसपास. मी शेजारी बसून गाणी लावत होते. आणि एका क्षणी रस्ता संपला. म्हणजे रस्ता उजवीकडे वळला, आम्ही मात्र सरळ. ब्रेकचा आवाज, चाकाखाली खडी आणि धाडकन गाडीचं तोंड कडेच्या चरात.

त्या वळणावर आमच्या समोर डोंगर होता आणि उजवीकडे दरी. उलटं असतं तर हा लेख लिहायला मी नसते. रेवाच्या डाव्या मनगटाचं हाड मोडलं, बाकीच्यांना खरचटण्यावर निभावलं. गाडी टोइंगवाल्याने खालच्या गावातल्या गॅरेजला नेली.

रविवारी दुपारी रेवाचा मोठा भाऊ आम्हाला आणायला आला. येताना त्याच वळणावर त्याने गाडी थांबवली. आम्ही उतरून बघतो तर काय, वळणाच्या आधी लाल किनारीचा त्रिकोणी बोर्ड, ‘उजवीकडे वळण’. आणि वळणावर एकापुढे एक चार पिवळे बोर्ड, काळ्या बाणांचे. उन्हात सगळे नीट दिसत होते.

"पाच बोर्ड आहेत, रेवा. पाच! लक्ष कुठे होतं तुझं?"

रेवा काहीच बोलली नाही. पुण्यात आल्यावर आईनेही तेच विचारलं, इन्शुरन्सवाल्यानेही आणि ऑफिसातल्या सगळ्यांनी. प्लॅस्टर निघालं, मनगट बरं झालं, पण अंधार पडल्यावर गाडी चालवणं तिने बंद केलं. आयटीतली नोकरी, शिफ्ट रात्री दहाला सुटणार, आणि ही कॅबची वाट बघत उभी. "मी डोळे उघडे ठेवून झोपले होते बहुतेक," असं ती एकदा हसत म्हणाली. मला हसू आलं नाही. कारण मी तिच्या शेजारीच होते, टक्क जागी होते, समोर बघत होते. मलाही एकही बोर्ड दिसला नव्हता.

"रात्री जाऊन बघितलंस का?"

माझ्या मामांचे एक मित्र रस्तेबांधणीतून रिटायर झालेले इंजिनीअर आहेत. त्यांना मी ही सगळी कहाणी सांगितली, मोबाइलवर काढलेले बोर्डांचे फोटो दाखवले. काकांनी फोटो बघितलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "अगं, हे दुपारचे. दुपारी सगळेच बोर्ड चांगले दिसतात. रात्री जाऊन बघितलंस का?"

मग त्यांनी मला एक सोपी गोष्ट शिकवली. ती तुम्हीही आज ऑफिसमधून घरी जाताना करून बघा. रस्त्यावरच्या एखाद्या बोर्डापासून पंचवीस-तीस पावलांवर फुटपाथवर उभं राहायचं. मोबाइलचा टॉर्च लावायचा आणि तो डोळ्याच्या अगदी शेजारी, कानशिलाला टेकवून धरायचा. बोर्ड चांगला असेल तर एकदम लखकन पेटतो, जणू आतून दिवा लागलाय. आता टॉर्च तसाच कमरेशी आणा. बोर्ड पुष्कळ मंदावतो.

गंमत अशी की या बोर्डांना स्वतःचा दिवा नसतो. साध्या रंगावर प्रकाश पडला की तो दाही दिशांना विखुरतो, तुमच्या डोळ्यापर्यंत त्यातला थेंबभर येतो. आरशावर तिरका पडला तर तिसरीकडेच जातो. बोर्डावर चिकटवलेली ती खास शीट मात्र प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवते. हेडलाइटचा प्रकाश हेडलाइटकडे, म्हणजेच त्याच्या मागे बसलेल्या तुमच्याकडे. जुन्या शीटमध्ये हे काम रव्यापेक्षा बारीक काचेचे मणी करतात. नव्या शीटमध्ये इवलेइवले प्रिझम असतात, तीन आरसे काटकोनात जोडल्यासारखे. दोन भिंती आणि जमीन मिळून जो कोपरा होतो त्यात चेंडू मारला की तो फिरून तुमच्याकडेच येतो ना, तसंच. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी १९६९ मध्ये चंद्रावर अशाच कोपऱ्यांचं एक पॅनल ठेवलं. पृथ्वीवरून सोडलेला लेझर त्यावर आपटून आजही परत येतो.

आणि आपल्या घाटातला बोर्ड तीस मीटरवरून दिसत नाही!

काकांचं म्हणणं असं की चंद्रावर धूळ उडवत एसटी जात नाही. बोर्डावर बसलेल्या धुळीतून प्रकाशाला दोनदा जावं लागतं, आत शिरताना एकदा आणि बाहेर पडताना एकदा. समजा धुळीने निम्मा प्रकाश अडवला, तर आत गेला निम्मा आणि परत आला त्याच्याही निम्मा. म्हणजे चार आण्यांवर आलो. दिवसा उजेड इतका असतो की चार आणेही पुरतात. रात्री आपल्याकडे फक्त दोन हेडलाइट. त्यांच्याही काचा जुन्या झाल्या की पिवळ्या पडतात, आणि आपण त्या शेवटच्या कधी पुसल्या ते आठवत नाही.

धूळ ही झाली साधी गोष्ट. ऊन शीट खातं, आधी लाल रंग उडतो, म्हणून धोक्याचा त्रिकोण गुलाबी होत जातो. मग शीटला बारीक भेगा पडतात, त्यात पाणी शिरतं. थंडीत पहाटे दव पडलं की धडधाकट बोर्डही काळाठिक्कर दिसतो, कारण थेंब प्रकाश भलतीकडे उडवतात. पावसाळ्यानंतर घाणेरी आणि करंजाच्या फांद्या बोर्डासमोर येतात. ट्रकने धक्का दिला की बोर्ड फिरतो आणि आकाशाला रस्ता दाखवत बसतो. अॅल्युमिनियमला भंगारात भाव असल्यामुळे काही बोर्ड अख्खेच जातात. आणि आपलं खास योगदान म्हणजे भाऊंच्या वाढदिवसाचं स्टिकर! ते उपटायला गेलं की खालची शीटही सोबत सोलून येते.

सेकंदांचा हिशोब करून बघा. ताशी साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात साधारण सतरा मीटर जाते. बोर्ड शंभर मीटरवरून दिसला तर सहा सेकंद मिळतात. गिअर बदला, ब्रेक लावा, गाणंही बदला. तीस मीटरवरून दिसला तर दोन सेकंदही नाहीत.

साठीचा इन्स्पेक्टर हवा

हे सगळं कुणाला माहीत नाही असं अजिबात नाही. आपल्याकडे रस्त्यांवरच्या चिन्हांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची ‘आयआरसी ६७’ ही संहिता आहे, २०२२ मध्ये तिची नवी आवृत्ती आली. कुठल्या रस्त्यावर कुठल्या दर्जाची शीट, बोर्ड किती उंच, अगदी तो रस्त्यापासून पाचेक अंश बाहेर वळवून लावावा म्हणजे उगाच डोळ्यांवर चकाकत नाही, इथपर्यंत. चांगल्या शीटला दर्जाप्रमाणे सात किंवा दहा वर्षांची वॉरंटी असते. वॉरंटी कधी सुरू झाली ते कळावं म्हणून बोर्डावर न पुसणारी तारीख टाकायची असते. (तेव्हापासून मला बोर्डांच्या पाठी वाचायची सवय लागली आहे. मित्रमंडळी लांब उभी राहतात.)

पण बोर्ड लावणं वेगळं आणि तो रात्री जिवंत आहे का हे बघत राहणं वेगळं. अमेरिकेत जानेवारी २००८ पासून यासाठी नियम लागू झाला. बोर्डाने किती प्रकाश परत पाठवायलाच हवा याचा किमान आकडा ठरला आणि तो राखण्यासाठी रस्ता सांभाळणाऱ्या यंत्रणांना काही पद्धतींतून निवड करायची मुभा दिली. एक, हातात धरायच्या यंत्राने प्रत्येक बोर्ड मोजा. दुसरी, वय झालं की बदला. या सगळ्यात मला भन्नाट वाटली ती रात्री गाडीतून फिरून नुसत्या डोळ्यांनी बघण्याची पद्धत. तिच्या एका प्रकारात अट अशी आहे की बघणारा इन्स्पेक्टर किमान साठ वर्षांचा हवा, आणि तोही एसयूव्ही किंवा पिकअपमध्ये बसलेला!

का? साठीच्या डोळ्याची बाहुली अंधारात तेवढी मोठी होत नाही आणि आतलं भिंगही पिवळसर झालेलं असतं. विशीतल्या डोळ्यात जेवढा प्रकाश पडद्यापर्यंत पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीत पोचतो. त्यांना दिसलं तर सगळ्यांना दिसेल. आणि एसयूव्ही का, तर उंच बसलं की डोळा हेडलाइटपासून लांब जातो आणि परत येणारा प्रकाश खालूनच निघून जातो. आठवा, कमरेशी धरलेला टॉर्च. ट्रक ड्रायव्हरचं तर रोज हेच होतं.

साठीचा इन्स्पेक्टर आमच्या घरातच होता. बाबा, वय वर्षं त्रेसष्ट.

बाबांची ड्यूटी

एका शनिवारी रात्री नऊ वाजता आम्ही निघालो. गाडी चुलतभावाकडे, बाबा पुढे, मी मागे मध्यभागी डोकं काढून. कात्रजच्या बोगद्यातून सातारा रस्ता, खेड-शिवापूरच्या पुढे आणि मग एका फाट्याला आत. नियम असा की बोर्ड ज्याला आधी वाचता येईल त्याने ओरडायचं आणि बोर्ड मागे पडेपर्यंत मोबाइलवर सेकंद मोजायचे. स्पीड पन्नास. शास्त्र वगैरे काही नाही, घरगुती कारभार.

हायवेवर मजा आली. रस्त्यावर आडवे टांगलेले मोठे हिरवे बोर्ड लांबूनच पेटतात. मी ओरडले तेव्हा चौदा सेकंद होते, बाबांना दहा मिळाले. "तुझा चष्म्याचा नंबर वाढलाय का?" असं वर मलाच विचारून झालं.

फाट्याला आत शिरलो आणि खेळ बदलला. एका वळणाचा त्रिकोण मला चार सेकंदांवर दिसला. बाबांनी "दिसली!" म्हणेपर्यंत (ते बोर्डाला पाटीच म्हणतात) दोन उरले होते. पुढची शाळेची पाटी, मला तीन, बाबांना एक. त्याच्या पुढच्या बोर्डाला आम्ही दोघंही गप्प. तो मागे गेल्यावर भाऊ म्हणाला, "तिथे काहीतरी होतं ना?" उतरून टॉर्च मारला. स्पीडब्रेकरचा बोर्ड होता. स्पीडब्रेकर आम्हाला आधी कळला होता, कमरेतून.

येताना बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला वाटायचं, हे फक्त माझंच होतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे कोल्हापूरहून येताना. हल्ली अंधारात पाट्या दिसत नाहीत मला."

"म्हणून तुम्ही आत्याकडून नेहमी दुपारी जेवल्याजेवल्या निघता?"

"आईला सांगू नकोस," बाबा म्हणाले.

(सांगितलं. आता दोघंही वंदे भारतने जातात.)

"रात्री कोण जाणार, मॅडम?"

आमच्या वळणाच्या बोर्डांसाठी मी रीतसर अर्ज दिला. कुठल्या कार्यालयात ते लिहीत नाही, कारण तिथला माणूस खरंच चांगला होता. त्याने मला बसवलं, चहा मागवला आणि रजिस्टर काढलं. किलोमीटर अमुक, बोर्ड पाच, ‘जागेवर आहेत, स्थिती चांगली’. सही, तारीख. पाहणीची वेळ सकाळी साडेअकरा.

"पण रात्री दिसत नाहीत ते."

"रात्री कोण जाणार, मॅडम? गाडी एक, माणसं दोन. पाचला गाडी जमा करायची असते."

मला भांडायला सुचेना. खोटं तो लिहीत नव्हता. बोर्ड जागेवर होते, साडेअकराला स्थिती चांगलीच होती. मी रेवाला फोन करून हे सांगितलं तेव्हा ती पलीकडे बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी झोपले नव्हते."

नाही गं बाई.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, हा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा. त्यात दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयातली, म्हणजे हे मासिक वाचणारी. दिवसातली सगळ्यात वाईट वेळ कुठली, तर संध्याकाळी सहा ते नऊ, आपण ऑफिसमधून सुटतो ती. त्यातले किती अपघात न दिसलेल्या बोर्डामुळे झाले, हे त्या आकड्यांतून निघत नाही. ड्रायव्हरची चूक, वेग जास्त, असे रकाने असतात. रेवाचा अपघात नोंदला गेला असता तर ‘ड्रायव्हरचं दुर्लक्ष’ याच रकान्यात गेला असता, आणि तिने खाली सहीसुद्धा केली असती.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९८-अ हे कलम आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकाप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. चांगलंच आहे. पण त्याचं काम कुणीतरी दरीत गेल्यावर सुरू होतं.

देखभाल विसरली जाणार, हे गृहीत धरणारा एकच माणूस मला या सगळ्या वाचनात भेटला. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा पर्सी शॉ. रस्त्याच्या मधोमध चमकणाऱ्या ‘कॅट आय’चं पेटंट त्याने १९३४ मध्ये घेतलं. लोखंडी साच्यात रबर आणि रबरात काचेचे डोळे. वरून चाक गेलं की रबर दबतं आणि पापणी मिटावी तसे डोळे पुसले जातात. पुसायला पाणी हवं, म्हणून खालच्या खळग्यात पावसाचं पाणी साठतं. जितकी रहदारी, तितके डोळे स्वच्छ! आपल्या रस्त्यांवर ज्यांना आपण कॅट आय म्हणतो ते बहुतेक प्लॅस्टिकचे चौकोनी तुकडे असतात, ते स्वतःला पुसत नाहीत.

बादली, स्पंज आणि पाटी

अर्जाला उत्तर येईना, तेव्हा रेवाच म्हणाली, आपण जाऊ या. सुट्टीच्या दिवशी दुपारी रेवा, मी, बाबा आणि डिकीत दोन बादल्या, भांड्याचं लिक्विड सोप आणि गाडी धुवायचे मऊ स्पंज. काकांनी फोनवर दम दिला होता, "घासणी नको, रॉकेल नको, थिनर तर नकोच, शीट जाईल. साबणाचं पाणी, हलक्या हाताने, आणि शेवटी साधं पाणी भरपूर." बाबा आधी रस्त्यात धोक्याचा त्रिकोण ठेवून लाल फडकं हलवत उभे राहिले, मगच आम्हाला बोर्डाला हात लावू दिला.

पहिल्याच बोर्डावरून जे पाणी खाली आलं ते चहासारखं होतं. तासाभरात चारही बाण धुऊन झाले. त्रिकोणासमोरची घाणेरी बाबांनी आईच्या बागेतल्या कात्रीने कापली. मग टपरीवर बसून अंधार पडायची वाट बघितली.

साडेसातला मी टॉर्च कानशिलाला लावला. दोन बाण झगझगीत पेटले. तिसरा अर्धवट. चौथा तसाच काळा. त्याची शीट तडकलेली होती, त्याला साबण काय करणार! त्रिकोणाची किनार गुलाबीच राहिली, पण तो निदान दिसत होता. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीत मी एवढंच वाढवलं, ‘चौथा बोर्ड आणि त्रिकोण बदलावा, पाहणी रात्री आठनंतर करावी’. परवा फोन करून विचारलं तेव्हा चौथ्या बोर्डाचं एस्टिमेट वर गेलंय असं कळलं. राष्ट्रीय महामार्गावर असा बोर्ड दिसला तर तुमचं काम सोपं आहे. १०३३ हा नंबर आहे आणि ‘राजमार्गयात्रा’ अॅपवर फोटोसकट तक्रार करता येते. फोटो फ्लॅश टाकून रात्रीच काढा, पण गाडी चालवताना नको.

निघताना मी ड्रायव्हरच्या दाराकडे गेले, तर किल्ली रेवाच्या हातात.

"दोन किलोमीटर मागे जाऊन परत येऊ," ती म्हणाली. "फक्त एकदा."

बाबा पुढे बसले. गाणी बंद. स्पीड चाळीस. मी मागून नुसती तिच्या मनगटाकडे बघत होते. रस्ता तसाच, काळा, वळणावळणाचा. आधी त्रिकोण आला. मग लांब, हेडलाइटच्या टोकाला, दोन पिवळे बाण उजवीकडे.

"दिसली," बाबा म्हणाले.

"काका, मला मगाशीच दिसली," रेवा म्हणाली आणि तिने गिअर बदलला.